लष्कराची घोडी आणि आमची गंज

लोणी भापकर, डिसेंबर १९३९

लढाईमुळे सरकार लष्करावरचा खर्च वाढवणार, ही बातमी आज आबांना वाचून दाखवली. आबा खूश. लष्करी घोड्यांसाठी कडबा घेणारा इंदापूरचा व्यापारी दारात, भावही चढा.

"समदी कडब्याची गंज इकून टाकू."

"आबा, औंदा ज्वारी खुरटलीया, नवा कडबा थोडाच निघंल. उन्हाळ्यात बैलांस्नी काय घालायचं?"

"इकत घिऊ."

"कुणाकडनं? साऱ्या गावानं इकलाय. आन् घोडी काय उन्हाळ्यात उपाशी ऱ्हातील व्हय? तवा भाव आनखी चढंल."

आबा हसले. "तुला घरी बसवून वाचायला शिकवलं, माझंच चुकलं!" मग गंजीकडे बघत म्हणाले, "बरं, तूच सांग. किती ठिवायचा?"

अर्धा, मी म्हणाले. पण अर्धाच का? पुरेल? सगळा विकू नये, एवढंच मला कळत होतं. आणि आबा तर व्यापाऱ्याला अर्धाच देणार असं सांगून मोकळे झाले.