गिटारीवर सोडलेलं पाणी

गोराई, ६ डिसेंबर १९८६

चि. जॉनीस,
अ. उ. आ. वि. वि. तुझं कार्ड मिळालं. दिल्लीत कडाक्याची थंडी पडली, पप्पांच्या गिटारीवर पाणी सोडलं आहे, एवढं लिहून मोकळा झालास. मी तीनदा वाचलं, शिवाय आपल्या आतेभावाकडून, कॉस्मसकडून, वाचून घेतलं. पाणी सोडायला ती तुझ्या एकट्याची आहे का रे? चार महिन्यांसाठी म्हणून नेलीस, त्याला सहा वर्षं झाली. विकलीस, कुणाला दिलीस की मोडलीस, ते सरळ सांग.

माझ्या आयडाचं लग्न आठ फेब्रुवारीला आहे. आदल्या संध्याकाळी विहिरीवरून नवरीच्या आंघोळीचं उंबराचं पाणी आणताना आपल्या घराण्यात पुढे पप्पांची गिटार वाजते. माझ्या वेळीही वाजली. आयडाच्या वेळी ती नसली तर लोक मला विचारतील, तुला नाही. कॉस्मस परीक्षेला दिल्लीला येतोय, त्याच्याकडे मुकाट्याने दे.

माया ठेवायची असेल तर गिटार पाठवून दे.
तुझी बाय,
सेराफिना


नवी दिल्ली, १४ डिसेंबर १९८६

ती. सेराफिनाबायस,
शि. सा. न. वि. वि. गंमत केली ती अंगाशी आली. इथे हिवाळ्यात हवा इतकी कोरडी होते की गिटारीचं लाकूड आकसून तडकतं. आपल्या खाडीकाठी त्याला बुरशी येते, इथे उलटं. म्हणून साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला स्पंज घालतो आणि डबी गिटारीच्या पेटीत ठेवतो. पाणी सोडलं ते हे.

कॉस्मसकडे देतो. पण डबी पेटीतून काढायची नाही, पेटी हीटरजवळ ठेवायची नाही, आणि घरी आल्यावर एक दिवस उघडायची नाही. लग्नाला येताना मी स्वतः घेऊन येणार होतो, पण तुझा भरवसाच नाही तर काय बोलणार.

राग उतरला की चार शब्द लिही.
तुझा,
जॉनी


गोराई, ९ जानेवारी १९८७

चि. जॉनीस,
अ. उ. आ. वि. वि. गिटार आली, पण पुढच्या फळीला वीतभर चीर गेली आहे. पेटी उघडल्या उघडल्या मी तुझ्या नावाने खडे फोडले. चिरलेलीच पाठवलीस आणि वर डबीची गोष्ट रचलीस, असं मी शेजारीपाजारी सांगून आले. मग जेवताना कॉस्मसने कबूल केलं.

तू दुसरीच गिटार माथी मारशील, म्हणून मी त्याला पेटी पूर्ण रिकामी करून गिटारीच्या आत पप्पांचं नाव आहे का ते बघायला सांगितलं होतं. ओली, कुबट वास येणारी डबी त्याने कचरा समजून फेकली. पुढे दहा दिवस मित्राच्या खोलीत पेटी हीटरला टेकून होती.

चीर माझ्या संशयाने पाडली. मला फार लाज वाटते. आता आयडासाठी काय वाजवू? काही उपाय असेल तर लगेच कळव.

चुकलेल्या बहिणीवर रुसू नकोस.
तुझी बाय,
सेराफिना


नवी दिल्ली, १७ जानेवारी १९८७

ती. बायस,
शि. सा. न. वि. वि. कुठल्याही सुताराला हात लावू देऊ नकोस. तारा सैल कर आणि गिटार घरात सावलीत ठेव. आपल्याकडच्या हवेने लाकूड फुगेल, चीर मिटत येईल. मी दोन तारखेला पोचतो, सरस लावून बसवतो. आवाज थोडा बसका येईल, पण वाजेल.

आणि खरं सांगतो, तुझा संशय अगदीच खोटा नव्हता. सहा वर्षांत गावाकडची कितीतरी माणसं इथून मुंबईला गेली. कुणाकडेही गिटार देता आली असती, मी दिली नाही. तुझ्या प्रत्येक पत्रात तिचीच चौकशी असते. ती एकदा घरी पोचली की तू मला कशाला पत्र लिहिशील, अशी भीती वाटायची.

आता तर ती पोचलीच आहे. तरी आठवण ठेव.
तुझा,
जॉनी


गोराई, २२ जानेवारी १९८७

चि. जॉनीस,
अ. उ. आ. वि. वि. तू जेवतोस कुठे? तिथे ताजी मासळी मिळते का? खोलीत एकटाच असतोस की सोबत कुणी आहे? आजारी पडलास तर कोण बघतं? सहा वर्षांत मी यातलं एकही विचारलं नाही. सगळ्याची उत्तरं इथे यायच्या आधी पत्रानेच पाठव. मला ती वाचायची आहेत.

तुझी बाय,
सेराफिना