शेजारची सीट

४ फेब्रुवारी

टक् टक्, टक् टक् — गुरुजींची पट्टी टेबलावर. साठ वर्षांपूर्वीचा आवाज, आज दाढी करताना आला. त्या ठेक्यावर अख्खा वर्ग कविता म्हणायचा. एक ओळ चुकली की पुन्हा पहिल्यापासून. त्या कविता अजून पाठ आहेत. वाहतुकीची चिन्हं मात्र तीन दिवसांत दोनच पाठ झाली, आणि त्यातलं एक चुकीचं पाठ केलंय.

हे खूळ या वयात कुठून, ते लिहून ठेवतो. गेल्या महिन्यात ही डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आली, गाडीची किल्ली खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणालेत. आता तुम्ही शिका." बत्तीस वर्षं गाडी तिनेच चालवली. मला वाचनालयात सोडलं, संध्याकाळी आणलं. मी शेजारी बसून झाडं पाहिली, कविता म्हटल्या. कामाची वाटणी न्याय्य आहे असंच मला वाटायचं.

मुलीचा फोन. "बाबा, आता कसलं लायसन्स काढताय? महिनाअखेर मी येते, गाडी विकून टाकू."

गाडी गेली की रविवारचं मेहुणीकडे जाणं गेलं. तिच्या गावाला बस नाही. दोघी बहिणींचा तेवढाच एक दिवस असतो. गेले चार रविवार ही गॅलरीत बसून काढते आहे. तक्रार करत नाही. तेच बोचतं.

७ फेब्रुवारी

परीक्षेचं पुस्तक मुंगीच्या पावलांसारखं बारीक छापलंय. मी भिंग घेऊन बसलो होतो. ही समोर शेंगा सोलत होती. तिथूनच, पान तिच्या बाजूने उलटं असताना, तळटीप वाचून दाखवली: शिकाऊ माणसाच्या शेजारी लायसन्सवाला हवाच. "मी बसेन की," म्हणाली. "चालवायला मनाई आहे, बसायला नाही."

तळटीप बिचारीने अंदाजानेच सांगितली असणार. बरोबर आली खरी.

९ फेब्रुवारी

उपाय सापडला! सगळी चिन्हं कवितेत बसवली. बावीस कडवी. हे पहिलं —

लाल वर्तुळी शुभ्र आडवी, इथून मागे परतुनि जा,
त्रिकोण उलटा दिसता पुढती, आधी दुसरे, मग तू जा!

मात्रा मोजून घेतल्या. गुरुजींनी पाठ थोपटली असती. हिला म्हणून दाखवली.

"छान आहे. पण तुमचं कडवं संपेपर्यंत समोरचा ट्रक थांबेल का?"

काव्याची जाण तिला पहिल्यापासूनच बेताची.

१२ फेब्रुवारी

बावीसही कडवी न अडखळता. वर्गात पहिला आलो असतो.

१४ फेब्रुवारी

नापास.

संगणकावर चिन्ह येतं, तीस सेकंदांत उत्तर द्यायचं. पहिलंच चिन्ह अरुंद पुलाचं. अरुंद पूल माझ्या सतराव्या कडव्यात आहे. सतराव्यावर एकदम उडी मारता येईना. पट्टीखाली शिकलेला माणूस मी, पहिल्यापासूनच सुरुवात केली. नवव्या कडव्याला पडद्यावर दुसरं चिन्ह आलं. पुन्हा लाल वर्तुळी. पंधरा प्रश्नांत मी पंधरा वेळा कविता म्हटली. पहिल्या आठ कडव्यांतली दोनच चिन्हं आली, तेवढी बरोबर.

मधेच परीक्षक पाठीशी येऊन उभा. "काका, पुटपुटू नका. शेजारच्या बाई तुमचं ऐकून उत्तरं देतायत."

१५ फेब्रुवारी

शेजारच्या बाई पास झाल्या. कवितेचा कुणाला तरी उपयोग झाला.

१६ फेब्रुवारी

हिने माझी वही कात्रीने कापली. बावीस तुकडे बिस्किटांच्या डब्यात घातले आणि डबा खळाखळा हलवला. आता दिवसभर हात घालते, येईल तो तुकडा काढते, मागे चित्र काढते आणि माझ्या नाकासमोर धरते. आंघोळीला निघालो तर दारात: "हे काय?" जेवताना घास तोंडात, तरी: "हे काय?"

"लाल वर्तुळी —"

"लाल वर्तुळी नाही. पुढची फेरी एकवीस तारखेला आहे. नुसतं उत्तर द्या."

नुसतं उत्तर! गुरुजी, माफ करा.

१८ फेब्रुवारी

हिने कोपऱ्यापर्यंत चालत नेलं. पिवळ्या फुलांच्या झाडाखाली उभं करून विचारलं, "इथे काय आहे?" मी सांगितलं: झाड या वर्षी आठ दिवस आधी फुललंय, वरच्या फांदीवर जुनं घरटं आहे.

"आणि बुंध्याशेजारी?"

बुंध्याशेजारी 'थांबा'ची पाटी. माझ्याहून उंच, लालभडक. बत्तीस वर्षं तिच्यासमोरून रोज दोनदा गेलो. शपथेवर सांगतो, आज पहिल्यांदा पाहिली.

हसेल असं वाटलं होतं. ती मान वर करून बराच वेळ उभी होती. "मला कायम पाटीच दिसली," म्हणाली. "इतकी फुलं येतात होय याला?"

२१ फेब्रुवारी

पास. पंधरापैकी तेरा! परीक्षक म्हणाला, "काका, आज ओठ हलले नाहीत." मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आईला दे." मग दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या, आणि ही एकदा खुदकन हसली. गाडी राहिली. उद्या दिवसभर मैदानात हात बसवायचा, रविवारी मेहुणीकडे निघायचं — ही म्हणते रस्ता रिकामा असतो, वीसच्या पुढे काटा न्यायचा नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

ही खाली जाऊन गाडीत बसली होती. मी कुलूप हातात घेतलं, तेवढ्यात दारात एक बाई. डोळ्यांच्या दवाखान्यातली नर्स, सुट्टीच्या दिवशी, हातात हिची निळी छत्री.

"काकू त्या दिवशी विसरल्या. इकडेच यायचं होतं, म्हटलं देऊन टाकावी." मग हसायला लागली. "तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचली हो त्यांनी. डॉक्टर म्हणाले, अजून दहा वर्षं खुशाल गाडी चालवा. आणि खुर्चीला टांगलेली छत्री तेवढी दिसली नाही!"

ती गेल्यावर गॅलरीतून वाकून पाहिलं. ही माझ्या नेहमीच्या, शेजारच्या सीटवर. काच पूर्ण खाली, हनुवटी हातावर, नजर कोपऱ्यावरच्या झाडात.

"कोण होतं हो?" खालून हाक आली.

"कुणी नाही. पत्ता चुकलेली बाई."

छत्री कपाटामागे लपवली. अगदी आत सरकवून — हिची नजर चांगली आहे.