शिगेचा डबा

सर,

आधी झालं ते क्रमाने लिहिते.

१. शाळेतल्या पोषण आहाराचा तांदूळ तुमच्या ताब्यात होता आणि आई तो शिजवायची.
२. तुम्ही तिला पत्र्याचा एक डबा दिलात. सांगितलंत, हा डबा म्हणजे एक किलो.
३. ती रोज अठरा डबे शिजवायची. बावीस दिवसांनी साठ्यात पन्नास किलोचं एक पोतं कमी भरलं.
४. आईला काढलं.

तुम्ही सांगितलं ते खोटं नव्हतं, अपुरं होतं. डबा सपाट भरला तर किलो. आई शीग लावून भरायची, काठाच्या वर जेवढा ढीग उभा राहील तेवढा. आमच्याकडे धान मोजताना परक्याला सपाट आणि घरच्याला शीग, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हाताला माहीत होतं. पोतं कमी आहे असं कळलं त्या दुपारी मी आठवीतली मुलगी डबा घेऊन प्रयोगशाळेत आले. तुम्ही ताणकाटा धरून उभे आहात, मी पिशवी अडकवते. सपाट डबा एक हजार ग्रॅम. शिगेचा अकराशे पंचवीस. डब्यामागे सव्वाशे, अठरा डब्यांचे सव्वादोन किलो, बावीस दिवसांत साडेएकोणपन्नास. मी कागदावर मांडते, तुम्ही गुणाकार तपासता, "बरोबर आहे," म्हणता आणि कागद घडी करून खिशात ठेवता. मला वाटलं, शाळा समितीच्या उद्याच्या बैठकीसाठी.

बैठकीत समितीतल्या एकाने विचारलं, "तांदूर काय पाय लावून गेला का, बाई?" लोक हसले. आई म्हणाली, "मी शीग देल्ली. लेकराईले सपाट माप कोन देते?" पुन्हा हसले. मग सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं. वजन वेगळं आणि आकारमान वेगळं, हे आम्हाला फळ्यावर शिकवणारे तुम्ही म्हणालात, माप मी स्वतः दिलं होतं, मापात चूक नाही.

त्यानंतर आई लोकांच्या शेतात धानाच्या रोवणीला जायला लागली. बांधावरच्या बायका भाकरी सोडताना तिला विचारायच्या, आज किती पोते आनले. पुढच्या आठवड्यात तुम्ही मला कॅल्क्युलेटर दिलात, हुशार आहेस म्हणून. तो मी कॉलेजपर्यंत वापरला.

आता मी नागपूरला खाद्यपदार्थांच्या कारखान्यात पाककृती वाट्यांतून ग्रॅममध्ये बसवते. एकच वाटी रव्याची वेगळी, बेसनाची वेगळी. दाबून भरली तर आणखी वेगळी. नव्या मुलींना पहिला प्रश्न विचारते, वाटी सपाट की शिगेची? त्यांना वाटतं मी फार काटेकोर आहे. मोहाडीच्या घरी मी गेल्यावर आई दोघींपुरता भात टाकते तेव्हाही मापावरून बोट फिरवून वरचे दाणे परत पिंपात पाडते. तिला अजून वाटतं, चूक तिचीच होती.

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. हे पत्र कुठे टाकता येणार नाही, हे मला कळतं. पण बैठकीत दाराशी मीही उभी होते. आकडे मला पाठ होते. तुम्ही शिगेचं बोलला नाहीत म्हणून मी बोलले नाही, आणि नंतर कॅल्क्युलेटर घेतला. आईला यातलं काहीच सांगितलेलं नाही.

या रविवारी मोहाडीला जाऊन सांगणार आहे. आधी तुमचं नाव घ्यायचं की माझं, ते शनिवारपर्यंत कळवा.