श्री. अहो यांची खुर्ची

प्रिय अहो,

पोचले. बुडाले नाही, हरवले नाही, कोणी पळवूनही नेलं नाही. ‘या वयात नेणार कोण’ हे तुमचं वाक्य मीच लिहून टाकते, तेवढेच तुमचे कष्ट वाचले.

हॉटेल म्हणजे एक गावच आहे. खोलीपासून जेवणघरापर्यंत बॅटरीची गाडी नेते. माणसं हजार मैलांवरून समुद्रासाठी येतात आणि डुंबतात तलावात. समुद्रात क्लोरीन नसतं ना! मी समुद्रातच गेले. कपड्यांनिशी, कमरेपर्यंत.

गंमत ऐका. बुकिंगच्या वेळी फोनवरच्या मुलीने सोबत कोण म्हणून विचारलं आणि सवयीने माझ्या तोंडून गेलं, ‘अहो’. तिला आपली भाषा कुठली यायला! तिने ते आडनाव समजून लिहून घेतलं. आता खोलीच्या दारावर, जेवणाच्या टेबलावर, जिथे तिथे ‘श्री. अहो’. वाढपी रोज दोघांची पानं मांडतो आणि अदबीने विचारतो, श्री. अहो आज तरी येणार का? पहिल्या दिवशी म्हटलं, त्यांचं डोकं दुखतंय. दुसऱ्या दिवशी, झोपलेत. तिसऱ्या दिवशी मात्र खरं सांगून टाकलं: त्यांची बहीण सहकुटुंब राहायला आली, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी बेत मोडला, आणि मीही मोडेन हे गृहीत धरलं. त्याने एक पान उचललं. खुर्ची राहू दे, म्हटलं. मग जेवले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, गरम.

घरची खबर कळतेच. सात फोन झाले: साखरेचा डबा कुठे, मशीनचं बटण कुठलं, वन्संना चादर कुठली देऊ. ‘तू कशी आहेस’ हा आठवा अजून यायचाय. बाईने एकटीने असं जाणं शोभतं का, असं वन्सं म्हणाल्या म्हणे. शोभतंय. आरशात बघून सांगतेय.

फोनवर तुम्ही मध्येच बोलता, म्हणून हे कुरियरने. मी रविवारी येत नाहीये. आठ दिवस मुक्काम वाढवलाय. यायचं असेल तर ये. दारावरची पाटी आज बदलून घेतली, तिथे आता तुझं खरं नाव आहे. त्या बुकिंगवाल्या मुलीला मीच सांगितलं, मोठ्याने. वाटलं होतं, जीभ अडखळेल. छान नाव आहे की रे!

तुझीच,
(‘अगं’ नव्हे. मलाही एक नाव आहे. आठवून ये.)