पंगतीतला मान

४ मार्च १९७८, भोर
पुण्याच्या सर्जननी वजन उतरवायच्या ऑपरेशनला होकार दिला. आतड्याचा मोठा भाग वगळायचा, म्हणजे खाल्लेलं अंगी लागत नाही. नाही केलं तर हृदय फार दिवस साथ देणार नाही म्हणाले. पण आधी मनाच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट हवं. पोटाचं दुखणं आणि तपासणार डोकं. असो. उभ्याउभ्या घेऊन येतो.

११ मार्च
मनाचे डॉक्टर म्हणजे बाई निघाल्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या. किती खाता, राग आल्यावर खाता का? म्हटलं, घरी चिमणीएवढं खातो. शेजारी बसलेली आमची बायको ठकुबाई खोकली. तिला पुण्याची धूळ सोसत नाही. बाईंना समजावलं की भोर-वेल्ह्यात लग्नातली जिलब्यांची पैज माझ्यावाचून होत नाही, लोक जीप पाठवून नेतात. एवढा मान मामलेदाराला नाही. बाई म्हणाल्या, एका लग्नात पैजेशिवाय साधं जेवून दाखवा. पाठीशी उभं राहील असं एक माणूस सोबत न्या, ऑपरेशननंतरही ते लागेल. हात्तिच्या. अख्खा तालुका उभा राहील.

१२ मार्च
मानसिंगला निवडलं. लहानपणापासूनचा मित्र, माझ्या सगळ्या पैजा तोच ठरवतो. सगळं सांगितलं. काळजी करू नको म्हणाला. ठकुबाई म्हणे मी येते. पुरुषांच्या पंगतीत हिचं काय काम?

१९ मार्च
पालीचं लग्न. फक्त वरणभात, असं पानावर बसताच जाहीर केलं. मुलीचे वडील चिमाजी म्हणाले, "मग ह्यास्नी जीप कशापायी धाडली?"
मानसिंगकडे पाहिलं. त्यानंच जिलब्यांची परात पुढे सरकवली. किकवीकरांशी फेट्याची पैज आधीच लावून बसला होता. मित्राचा शब्द कसा पडू द्यायचा? जिंकलो. मग धाप लागली, अंधारी आली, मांडवातच आडवं केलं. ऊन फार होतं. फेटा मानसिंगनं नेला, सांभाळून ठेवायला.

२५ मार्च, पुणे
मानसिंगला काम निघालं. ठकुबाई आली. बाईंना सांगितलं, वरणभात खाल्ला. त्यांनी हिच्याकडे पाहिलं.
"बाई, लोकं ह्यांस्नी बगून हसत्यात," ही म्हणाली. "म्या लई वर्सं बगतीया. ह्यांस्नी कुनी सांगत न्हाई. आता तुमी सांगा."
सर्टिफिकेट नाही. आधी दर पंधरवड्याला बोलायला यायचं. घरभेदी बायको. एस.टी.त तिच्याशी बोललो नाही. डोळ्यांत पाणी आलं, खिडकी उघडी होती.

२ एप्रिल
शिवऱ्याचं लग्न. कोट चढवून सकाळपासून ओट्यावर. जीप आली, थांबली नाही. पुढे मानसिंग, मागे वेल्ह्याचा कुणी जाडजूड गडी. शेजारचा रखमाजी म्हणाला, मानसिंग सगळीकडे सांगत फिरतोय, हा दवाखान्याचा माणूस, मांडवात गेला म्हणजे लग्नाला अपशकुन.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
ठकुबाईनं भाकरी वाढली. अर्धी तशीच राहिली, घास उतरेना. म्हणजे भूक आटोक्यात आली. बाईंना हे सांगितलं पाहिजे. सर्टिफिकेट नक्की.