फाटकापासून दारापर्यंत

४ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या क्लबच्या दारू परवान्यावर आमच्या प्रार्थनामंदिराने हरकत घेतली आहे आणि खाली चिटणीस म्हणून सही माझी आहे. लालबुंद होण्याआधी ऐक. परवा तुझा एक सभासद झोकांड्या खात आला आणि आमच्या चपलांच्या फळीवर बसून त्याने अध्यक्षीय भाषण ठोकलं. म्हातारी माणसं घाबरली. नियमाने आमचं फाटक ते तुझं दार शंभर मीटर हवं, भरलं बासष्ट. फितीचं एक टोक मीच धरलं होतं.

आता बहीण म्हणून सांगते. रस्त्याकडचं दार बंद कर, ये-जा मागच्या गल्लीतून ठेव. अंतर वाढेल आणि मी हरकत मागे घेईन.

लोभ आहेच, तो परवान्यावर अवलंबून नाही.

ताई

१५ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

सख्ख्या बहिणीनेच पोटावर पाय दिला आणि तोडगाही तिनेच सांगितला. आता भांडू कोणाशी? क्लबवर नऊ माणसांची घरं चालतात, म्हणून ऐकलं. नुसतं कुलूप लावणार होतो, पण परवाना कार्यालयाचा मोजणीवाला म्हणाला, कुलूप कधीही उघडता येतं. शेवटी गवंडी लावून दार बुजवलं. भिंत ओकीबोकी दिसते, म्हणून आतून दारावरचा जुना पडदा तसाच ठेवलाय.

हिची मात्र कुरकुर चालू आहे. हॉलमधून बाहेर पडायला आता हिच्या स्वयंपाकघराजवळचा एकच बोळ उरला, म्हणते. तूच समजाव, माझं ती कधी ऐकते?

लोभ वाढू दे, त्याची मोजणी होत नाही.

धाकटा

२० जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

मोजणी एकशे दहा भरली, हरकत मागे घेतली. बायकोला म्हणावं, वन्सं सांगतात, इतकी वर्षं तू त्याच बोळातून ये-जा करतेस, इतरांना काय धाड भरली आहे? दोघं जेवायला या. माया राहू दे.

ताई

२ ऑगस्ट

ती. ताईस नमस्कार.

अंत्यसंस्काराला तू आलीस, पण आपण बोललो नाही, म्हणून लिहितो. आग शेगडीपाशी लागली. संध्याकाळची वेळ, हॉल भरलेला. बोळात धूर कोंडला तशी काही माणसं सवयीने पडद्याकडे धावली. ही बाहेर पडली होती, ताई. गल्लीत माझ्याशेजारी उभी होती. तिकडे दार नाही हे त्यांना सांगते म्हणाली, माझा हात झटकला आणि परत आत गेली. पडद्यापाशी सहा जण सापडले, त्यांत ही.

चौकशी अधिकाऱ्याने विचारलं, दार बुजवायला कोणी सांगितलं. मी म्हणालो, कोणीच नाही, माझंच डोकं. तुझं पत्र जाळलं. तू गप्प राहा. दोघांपैकी एकजण तुरुंगात गेला तेवढं पुरे.

धाकटा

९ ऑगस्ट

चि. धाकट्या,

चिटणीसपणाची सवय, मी प्रत्येक पत्राची नक्कल ठेवते. तू जाळलेल्या पत्राची आज सकाळी अधिकाऱ्याला दिली. विश्वस्त म्हणत होते, पत्र खासगी आहे, संस्थेचं नाव जाईल. मी राजीनामा दिला. तुझ्या बायकोची भीती खरी होती आणि मी तिची थट्टा केली. ती परक्या माणसांसाठी धुरात शिरली. मी तिच्यासाठी निदान खरं बोलावं, एवढंच डोक्यात होतं.

अधिकाऱ्याने शांतपणे वाचलं. म्हणाला, सल्ला देणं हा गुन्हा नाही, दार मालकाने बुजवलं. तुमच्यावर काही येत नाही. फक्त तुमच्या भावाने जबाबात खोटं सांगितलं, ते आता त्याच्यावर वाढेल.

मी नक्कल परत मागितली. ती फायलीला लागली, म्हणाला.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.

ताई