गोल वर, टोक खाली

हॅमट्रॅमिक,
१२ जून १९९४

ती. स्टॅश मामाआजोबांस,
चेस्टरचा सा. न. वि. वि.

पत्र लिहितो, कारण फोनवर तुम्हांला काही ऐकू येत नाही आणि तरीही तुम्ही हो म्हणता. आजीची गाडी रंगवायला काढली आहे असे मी मागे सांगितले, तेव्हा तुम्ही म्हणालात, हो हो, दोन जोड पाठव. आजीने मोजे पाठवले आहेत. पोचले असतील.

तर गाडीविषयी. सत्तर सालची ती जांभळी गाडी मी गराजात पूर्ण खोलली आहे. प्रत्येक स्क्रू वेगळ्या पाकिटात ठेवून त्यावर नाव लिहिले आहे. आजी म्हणते, तिने ती पन्नासाव्या वर्षी, स्वतःच्या बेकरीतल्या पगारातून घेतली. बाईमाणसाला एवढे मोठे इंजिन कशाला, असे पाद्रीबाबांनी विचारल्यावर तिने प्रार्थनेला उशीर होऊ नये म्हणून, असे उत्तर दिले होते म्हणे.

माझी अडचण तुम्हांला ठाऊकच आहे. मी अकरावीत शाळा सोडली. जुन्या गाड्यांचे दुकान असलेले मिस्टर हॅलोरन दाखल्याशिवाय कोणाच्या हातात स्प्रे गन देत नाहीत, म्हणून तीन वर्षे मी त्यांच्याकडे गाड्या धुतो. पण ऑगस्टच्या मेळाव्यात ‘कारखान्यातून निघाली तशी’ या वर्गात माझी गाडी पहिल्या प्रतीची ठरली, तर तोच दाखला मानू, असे ते म्हणाले आहेत. परीक्षक कारखान्यातलेच कोणी जुने गृहस्थ असतात.

तुम्ही त्या वर्षी त्याच कारखान्यात रंगावर होतात. डावे दार मी पाच वेळा घासून पुन्हा रंगवले. आता त्यात दाढी करता येईल इतके चकाकते. एवढे पुरे का?

लोभ आहेच, तो उन्हात वाळू देऊ नये.

आपला,
चेस्टर


फ्लोरिडा,
२० जून

चि. चेस्टरला अनेक आशीर्वाद.

मोजे पोचले. इथं सावलीतसुद्धा अंडं शिजतं, तेव्हा तुझ्या आजीला, लोजाला, माझे आभार सांग आणि भाऊ म्हणून सांगतो, तिचं डोकं तपासून घे.

तुझ्या पत्रात एकही चूक सापडली नाही. तू शाळा सोडलीस, पण शब्दकोश अजून मांडीवरच दिसतोय. दाराचंही तू तेच करून ठेवलंयस. अरे बाळा, पाच वेळा? आम्ही एका गाडीला दीड मिनिट देत होतो, आणि त्यातलं अर्धं बेसबॉलवर बोलण्यात जायचं. तुझ्या दारात परीक्षकाला स्वतःची दाढी दिसली की तो म्हणेल, ही गाडी कारखान्यातून नाही, दागिन्यांच्या दुकानातून निघाली. नापास.

नीट लिहून घे. डिकीच्या झाकणाला आतून निम्माच रंग. मागच्या उजव्या चाकावरच्या पत्र्याला रंगाचा एक ओघळ हवाच, कारण तिथं बेन उभा असायचा आणि त्याला कधी घाई नसायची. सांध्यांतल्या फटी बुजवायची लांबी बोटानं फासायची, आणि बोट उमटलेलं दिसलं पाहिजे. लोजाची गाडी शुक्रवारी दुपारी निघाली होती. शुक्रवारी दुपारी आमच्यापैकी निम्मे हजर असत आणि त्यांतले निम्मे शुद्धीवर.

थोडक्यात, वाईट रंगव. पण मन लावून वाईट रंगव.

तुझा म्हातारा,
स्टॅश


हॅमट्रॅमिक,
१७ जुलै

ती. मामाआजोबांस सा. न. वि. वि.

वाईट रंगवणे फार अवघड आहे. ओघळाचा सराव मी पुठ्ठ्यावर केला. पहिले एकोणीस ओघळ सरळ रेषेत आले. विसावा बरा होता, पण तो मी सवयीने पुसून टाकला.

मध्ये एक संकट आले. बॉनेटला प्रायमर देऊन मी जेवायला गेलो, तेवढ्यात आजीने ते लाकडी कपाटाच्या पॉलिशने पुसून काढले. नव्या कपड्यांआधी तोंड धुवायला नको का, असे तिचे म्हणणे. त्या पॉलिशवर रंग धरत नाही. दुसऱ्या दिवशी गन चालवली तर बॉनेटभर माशाचे डोळे, म्हणजे रंग न धरलेले गोल डाग, उठले, शंभर तरी असतील, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी पायरीवर बसून राहिलो. आजी शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, शुक्रवार आहे, आज मांस वर्ज्य, मासे शोभतात. सगळे पत्र्यापर्यंत घासून पुन्हा केले.

आता मुख्य गोष्ट. इंजिनामागच्या पत्र्यावरचा चोवीस वर्षांचा तेलकटपणा काढला, तेव्हा खाली पिवळ्या मेणखडूचे एक चित्र निघाले. दोन गोल आणि एक टोक. आजीने चष्मा लावून पाहिले आणि म्हणाली की हे हृदय आहे आणि ते तुमच्या हातचे आहे. एप्रनला डोळे पुसले, मग त्याच एप्रनला नाक. ती गाडी कारखान्याच्या सरकत्या पट्ट्यावरून जाताना तुम्ही बहिणीसाठी हे काढलेत, असे तिने चर्चच्या निम्म्या बायकांना सांगितले. राहिलेल्या निम्म्यांना त्या बायकांनी सांगितले.

नियम असा आहे की कारखान्याच्या खुणा जशाच्या तशा पुन्हा काढाव्या लागतात, आणि परीक्षक त्यांचा अर्थ विचारतात. चित्र पातळ कागदावर छापून सोबत जोडले आहे. वरची बाजू कोणती ते बाणाने दाखवले आहे. हे हृदयच ना? अर्थ चुकू नये, एवढ्यासाठी विचारतो.

आपला,
चेस्टर


फ्लोरिडा,
२६ जुलै

चि. चेस्टरला आशीर्वाद.

बसून वाच. ते हृदय नाही. ते बर्ट लूमिसचं बूड आहे.

लूमिस आमचा फोरमन. माणूस मध्यम, बूड अवाढव्य. तो वळला की पट्टा थांबल्यासारखा वाटायचा. त्यानं माझी शौचालयाची सुट्टी चार मिनिटांवर आणली, तेव्हापासून रंग वाळवायच्या भट्टीतून बाहेर आलेल्या रोज चार-पाच गाड्यांवर मी मेणखडूनं त्याचं चित्र काढायला लागलो. दोन गोल, वर कंबरेचं टोक. तो थिनरचं फडकं घेऊन मागोमाग पुसत यायचा. आख्खा उन्हाळा आम्ही असा काढला. एक त्याच्या हातून सुटलं असेल, ते लोजाच्या नशिबी आलं.

परीक्षकाला काय सांगायचं ते तुझं तू बघ. लोजाला सांगितलंस तर ती फ्लोरिडापर्यंत चालत येऊन मला मोज्यानं मारेल.

तुझा,
स्टॅश


हॅमट्रॅमिक,
२१ ऑगस्ट

ती. मामाआजोबांस सा. न. वि. वि.

सगळे क्रमाने लिहितो, म्हणजे काही राहणार नाही.

तुमच्या पत्रानंतर मी तीन दिवस चित्र काढलेच नाही. काढले नाही तर खूण राहिली म्हणून गुण जाणार. काढले तर मी परीक्षकासमोर एका माणसाचे बूड मांडून उभा, आणि शेजारी आजी चर्चच्या अकरा बायकांना हृदय दाखवणार. शेवटी छापावरून जसे होते तसे काढले. खोटी गाडी न्यायची नाही, एवढेच ठरवले.

मेळाव्यात परीक्षक आले. वय ऐंशीच्या घरात, हातात काठी, छातीवर नावाची पट्टी: बी. लूमिस. ते मागच्या चाकाकडे वळले आणि मला ओळख पटली.

त्यांनी डिकी पाहिली, लांबीवर बोट फिरवले. ओघळ फार विचार करून काढला आहे म्हणून अर्धा गुण कापला. मग बॉनेट उघडायला सांगितले आणि ते त्या पत्र्यापुढे थांबले. माझे नाव, आडनाव, सगळे मी विसरलो. आजीने मात्र पुढे होऊन सांगितले की हे तिच्या भावाने, स्टॅशने काढले आहे.

ते कितीतरी वेळ वाकून बघत होते. मग मला म्हणाले, “तुझ्या आजोबानं माझं बूड चारशे वेळा काढलं, पोरा, आणि चारशे वेळा मी ते पुसलं. माझ्या बुडाचे गोल खाली असायचे. याचे वर आहेत. म्हणून हे एकच मी पुसलं नव्हतं.”

आजीला चारशेच ऐकू आले. ती अजून समजते की तुम्ही चारशे हृदये काढलीत.

गाडी पहिल्या प्रतीची ठरली. मिस्टर हॅलोरन तिथेच होते. सोमवारपासून मी रंगावर.

एक शंका. मी छापावर बाण काढला होता. तुमच्या पत्रात टोक वर आहे. माझ्या छापात ते खाली आहे. बाण दिसला नाही का?

लोभ करतच आहात, लपवू नये एवढीच विनंती.

आपला,
चेस्टर


फ्लोरिडा,
३० ऑगस्ट

चि. चेस्टर,

अर्धा गुण गेला त्याबद्दल अभिनंदन. ओघळ शिकशील.

लूमिस अजून जिवंत आहे हे वाचून वाईट वाटलं. त्याला माझा नमस्कार सांग आणि सांगताना त्याच्या मागे उभा राहू नकोस, उन्हाला मुकशील.

बाण वगैरे मला काही दिसला नाही. माझा चष्मा जुना आहे. त्या शुक्रवारी माझी कंबर धरली होती, म्हणून मी समोरच्या काचेच्या बाजूनं वाकून काढलं असेल, आणि तसं काढलं की उलटं येतंच. यापेक्षा जास्त काही नाही. लोजाची गाडी कितवी येणार हे मी सकाळीच यादीच्या कागदावर बघून ठेवलं होतं, असं बेन सांगत फिरायचा, पण बेनवर कोण विश्वास ठेवतो.

हिवाळ्याआधी तिला गाडीतून इकडे घेऊन ये. मोजे नकोत.

खाली तेच चित्र पेन्सिलनं काढलंय. लोजाला दाखव. कागद कुठून धरायचा ते तू ठरव.

तुझा,
स्टॅश